उसांबाराचं झाड, एचएसआरची खिडकी

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये आफ्रिकन व्हायोलेट सहसा मरत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. नागपुरात किंवा सोलापुरात हे झाड एप्रिलच्या तापात मान टाकतं, माणूस चुकचुकतो, कुंडी धुऊन तिच्यात पुदिना लावतो आणि विषय मिटतो. इथे ते टिकतं. लवदार, जाड पानांचा गोल घेर करून टीपॉयवर वर्षानुवर्षं बसून राहतं. नर्सरीतून आणलं तेव्हा मधोमध जांभळ्या फुलांचा झुपका होता. तो महिना-दीड महिन्यात उतरला आणि त्यानंतर पानंच पानं. एचएसआरमधल्या ज्या ज्या मराठी घरांत मला हे झाड दिसलं, त्यातल्या बहुतेक ठिकाणी घरच्या बाईंनी आधी पानांचं कौतुक करवून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "पण फूल का येत नाही हो?"

उजेड कमी पडतो आणि माया जास्त होते, हे याचं थोडक्यात उत्तर. सविस्तर उत्तरासाठी आधी टांझानियात जावं लागतं आणि तिथून एचएसआरच्या तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवर परत यावं लागतं.

टांझानियाच्या ईशान्य कोपऱ्यात, समुद्रकिनाऱ्यापासून फार लांब नाहीत असे उसांबाराचे डोंगर आहेत. १८९० च्या दशकात हा मुलूख जर्मनांच्या ताब्यात होता आणि वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेर नावाचा एक जर्मन सरदार तिथल्या जिल्ह्याचा कारभार बघत होता. १८९२ च्या सुमारास त्याने तिथली ही निळी-जांभळी फुलं आपल्या वडिलांकडे जर्मनीला धाडली. वडील हौशी बागवाले. त्यांनी ती हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेतल्या हेरमान वेंडलांडना दाखवली आणि वेंडलांडनी १८९३ मध्ये झाडाचं बारसं केलं: सेंटपॉलिया आयोनांथा. त्या डोंगरांत राहणाऱ्या शांबा लोकांना हे झाड पिढ्यान्‌पिढ्या दिसत असणारच, पण नाव लागलं ते साहेबाचं. त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या मोठ्या पुष्पप्रदर्शनात ते युरोपापुढे आलं. पुढे १९२७ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या नर्सरीने बियांपासून वाढवलेल्या रोपांतून दहा वाण निवडले. दुकानांत दिसणाऱ्या संकरित व्हायोलेटांची वंशावळ बरीचशी त्या दहांपाशी जाऊन थांबते. २०१५ पासून शास्त्रज्ञांनी सेंटपॉलियाचा वेगळा संसार मोडून त्याला स्ट्रेप्टोकार्पस या मोठ्या कुटुंबात घातलंय. नर्सरीवाल्यांना या बातमीशी काही देणंघेणं नाही.

१८९३ या सालाशी आपला आणखी एक धागा आहे. त्याच वर्षी ड्रेस्डेनजवळ जन्मलेला आणि लंडनच्या क्यू बागेत काम केलेला गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगल हा जर्मन माळी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत रुजू झाला. बडोद्याच्या बागा त्याने सांभाळल्या आणि मग तो म्हैसूर संस्थानात गेला. १९०८ च्या आसपास बेंगळुरूची लालबाग त्याच्या हाती आली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर बारा महिने कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं, एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा यावा, अशी लागवडीची आखणी त्याच्या नावावर सांगितली जाते. आजही एचएसआरच्या एखाद्या क्रॉसवर हिवाळ्यात गुलाबी टॅबेबुया फुलतो, मग पिवळा, मग जकरंडा, मग मे महिन्यात गुलमोहर. मराठी राजाच्या पदरी बडोद्यात काम केलेल्या माणसाने ज्या शहराला बारमाही बहराची सवय लावली, त्या शहरात घरातलं एक वीतभर झाड फुलत नाही म्हटल्यावर माणूस जरा चिडतोच.

वरवर बघता चिडण्याला कारणही आहे. उसांबारात अमानी नावाचं ठिकाण आहे. १९०२ मध्ये जर्मनांनी तिथे शेती-संशोधनाची संस्था काढली आणि मोठी वनस्पती बागही केली. अमानीची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर, बेंगळुरूची ९२०. म्हणजे उंचीच्या हिशेबात व्हायोलेटला इथे माहेरीच आल्यासारखं वाटावं. या झाडाला १८ ते २७ अंश तापमान मानवतं. तीस ओलांडलं की कळ्या धरणं मंदावतं आणि पंधराच्या खाली गेलं की वाढच थबकते. बेंगळुरूचं बरंचसं वर्ष या पट्ट्यात बसतं. मार्च ते मे सोडा. २४ एप्रिल २०१६ ला या शहराने ३९.२ अंशही पाहिले आहेत आणि त्यानंतरचे उन्हाळेही काही मवाळ नव्हते. पण उरलेले आठ-नऊ महिने पुणेकराने हेवा करावा असे.

मग अडतं कुठे? अडतं ते हवेत नाही, घरात.

एचएसआर म्हणजे होसूर–सरजापूर रोड लेआउट. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली वसाहत, सात सेक्टर, एका अंगाला आगरा तळं. आखणी झाली तेव्हा बंगल्यांची कल्पना होती. कागदावर अजूनही रस्ते रुंद आहेत, बागा आहेत. पण साइट बहुतेक तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ फुटांच्या, आणि सत्ताविसाव्या मेनच्या आसपास स्टार्टअप कंपन्या आल्या, त्यांच्यामागे भाडेकरू आले, तसे एकमजली घरांचे चार-चार मजले झाले. दोन इमारतींमध्ये हात बाहेर काढला तर शेजारच्या ग्रिलला लागेल एवढीच जागा. जाहिरातीत फ्लॅट पूर्वेचा असतो, खिडकीही पूर्वेलाच उघडते, पण समोर उगवतो तो शेजारच्या पीजीचा पांढरा रंग दिलेला जिना. बाल्कनीला वर सज्जा, पुढे कबुतरांची जाळी, आत पडदा. एवढ्यातून गाळून जे काही टीपॉयवर पोचतं, त्याला आपण उजेड म्हणतो.

आपल्या डोळ्यांचा यात मोठा फसवा वाटा आहे. बाहेरच्या उन्हातून घरात आल्यावर डोळा हळूच जुळवून घेतो, त्यामुळे खोली 'छान प्रकाशित' वाटते. भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो. व्हायोलेटला फुलायला दिवसातले बरेच तास दहा हजार लक्सच्या आसपास हवा. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या टीपॉयवर तो दोनशे-तीनशेच्या घरात असतो. फोनवरचं लक्समीटर काटेकोर नसतं, पण तीनशे आणि दहा हजार यांतला फरक दाखवायला पुरेसं असतं. खिडकीपासून हातभर मागे सरकलं तरी आकडा कोसळतो. मी ज्या घरांत फोन काढून मोजलं, तिथे हा आकडा बघून यजमानांचा चेहरा बदलला. एक काका म्हणाले, "अहो, इथे बसून मी पेपर वाचतो!" पेपर वाचायला तीनशे लक्स भरपूर झाले. पण पानाला नुसतं वाचायचं नसतं, त्याला त्या उजेडावर स्वयंपाक करून जेवायचंही असतं. अर्धपोटी झाड जगतं, पानं काढतं, पण फुलाच्या खर्चात पडत नाही.

'आफ्रिकन व्हायोलेटला सावली लागते' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आणि निम्मा घोटाळा त्या वाक्याने केलाय. उसांबाराच्या जंगलात ते शेवाळलेल्या खडकांच्या कपारींत, उंच झाडांखाली वाढतं हे खरं. सह्याद्रीत भटकलेल्यांना ही जागा कळायला वेळ लागणार नाही. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या, सावलीतल्या कातळावर निळ्या फुलांचं रिंकोग्लॉसम दिसतं, पानाची एक बाजू लहान, एक मोठी. ते याच कुळातलं. आपल्या व्हरांड्यातल्या टांगत्या कुंडीतली एपिशिया आणि आजीच्या वेळची ग्लॉक्सिनिया, हीसुद्धा त्याच गोतावळ्यातली. या सगळ्यांना कडक ऊन नको असतं. पण जंगलातली सावली आणि हॉलमधली सावली या दोन निराळ्या वस्तू आहेत. जंगलात झाडांच्या वर उघडं आभाळ असतं आणि पानांतून सगळ्या बाजूंनी उजेड झिरपतो. हॉलमध्ये डोक्यावर फॉल्स सीलिंग असतं.

खिडकीच्या दिशेबद्दल तर इंग्रजी पुस्तकांनी आपली चांगलीच दिशाभूल केली आहे. ती लिहिली गेली लंडन नि न्यूयॉर्कच्या अक्षांशांवर. तिथे सूर्य बारा महिने दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन फारसं येत नाही आणि दक्षिणेची सगळ्यांत उजळ. बेंगळुरू तेरा अंशांवर आहे. इथे २४-२५ एप्रिलला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. पुन्हा तसाच तो १८ ऑगस्टच्या सुमारास येतो. या दोन तारखांच्या मधले जवळजवळ पावणेचार महिने माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्यात एचएसआरमधल्या उत्तरेच्या खिडकीत सकाळी नि संध्याकाळी तिरपं ऊन शिरतं, आणि पुस्तकावर विसंबून तिथे ठेवलेल्या व्हायोलेटच्या पानांवर तपकिरी डाग पडतात. उलट डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत पार आतपर्यंत येतं. पुणेकरांनी या तारखा मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सरकवून घ्याव्यात. सांगायचं एवढंच, की कुंडी वर्षभर एका जागी ठेवायची नसते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पूर्वेची खिडकी, समोर भिंत नसेल तर, उत्तम. उन्हाळ्यात फूटभर मागे किंवा पातळ पडद्याआड. जूननंतर आभाळ भरलं की पुन्हा पुढे.

आणि समोर भिंत असेल तर? तर ट्यूब लावायची. अमेरिकेत हे झाड घरोघरी पोचलं त्यात फ्लुरोसंट नळ्यांचा मोठा हात आहे. १९३८ च्या सुमारास त्या बाजारात आल्या आणि तळघरांत, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो अशा जागी, लोकांनी व्हायोलेटांच्या फळ्या उभ्या केल्या. आपल्याकडे ते काम आता एलईडी बॅटन करतात.

दुसऱ्या सेक्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावर, मुलाकडे राहायला आलेल्या मिरजेच्या एका काकूंनी मुलाचं इंजिनिअरिंगच्या पुस्तकांचं लोखंडी रॅक रिकामं करून घेतलंय. प्रत्येक फळीच्या पोटाला चार फुटी, वीस वॅटच्या दोन ट्यूब. त्या मुलाने एस. पी. रोडवरून आणल्या, टायमरसकट. खाली कुंड्या: जांभळी, पांढरी, गुलाबी, पांढऱ्याला निळी किनार असलेली, दुहेरी पाकळ्यांची.

"खिडकीत का नाही ठेवत काकू?"

"खिडकीत ठेवून बघितलं की. तिथे पलीकडच्या पीजीतली पोरं टॉवेल वाळत टाकत्यात. दिवसभर टॉवेलाची सावली. मग मीच म्हटलं, आपला सूर्य आपण आणावा."

सूर्य सकाळी सहाला लागतो, संध्याकाळी सहाला मालवतो. ट्यूब आणि पानं यांत आठ ते बारा इंचांचं अंतर. सुरुवातीला त्यांनी ट्यूब रात्रभर चालू ठेवली होती, जास्त उजेड म्हणजे जास्त फुलं या हिशेबाने. ते चालत नाही. रोज किमान आठ तास तरी झाडाला काळोख लागतो. विजेचा हिशेब विचारलात तर दोन ट्यूब बारा तास चालल्या की दिवसाला अर्ध्या युनिटहून किंचित कमी, महिन्याला चौदा-पंधरा युनिटं. रंगीत 'ग्रो लाइट' म्हणून जांभळा उजेड पाडणारे महागडे दिवे मिळतात. त्यांनी झाडं वाढतात, पण संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की एखाद्या डान्स बारमध्ये शिरल्यासारखं वाटतं. साधी पांढरी ट्यूब पुरते.

उजेड पुरतोय की नाही हे झाड स्वतः सांगतं. देठ लांब करून पानं वर, उजेडाकडे हात पसरायला लागली तर कमी पडतोय. मधली पानं एकमेकांना घट्ट चिकटून बारीक राहिली, रंग फिका पडला, बाहेरची पानं कुंडीच्या काठावरून खाली वाकली तर जास्त होतोय. पानं ताटासारखी सपाट पसरली की नेमका. अशा झाडाला पानांखालून कळ्या यायला मग सहा ते आठ आठवडे पुरतात.

आता मायेकडे वळू. मराठी घरात झाडाला पाणी घालणं हे सकाळच्या आंघोळीनंतरच्या कामांत मोडतं. तुळशीला तांब्याभर, मग ओघाने सगळ्यांना. व्हायोलेटला हे रोजचं तीर्थ बाधतं. त्याची मुळं केसासारखी बारीक, खडकाच्या कपारीतल्या चिमूटभर पालापाचोळ्यात राहायला शिकलेली. त्यांना ओलावा हवा, पण ओलाव्याबरोबर हवाही हवी. चिखल झाला की मुळं गुदमरतात, मग बुरशी मधल्या गाभ्यात शिरते. आणि गंमत अशी, की मुळं कुजल्यावर पानं मरगळतात, आपण म्हणतो तहानलंय, आणि आणखी पाणी घालतो. सरजापूर रोडच्या बाजूच्या एका नर्सरीतले कामगार कुंडी हातात देताना प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवतात, "अम्मा, नीरु जास्ती हाकबेडि." कन्नड न येणाऱ्यालाही त्यातला 'जास्ती' कळतो. कळतो, पण वळत नाही.

यावर काकूंनी काढलेला तोडगा सगळ्या जगातले व्हायोलेटवाले वापरतात: वात. कुंडीच्या बुडाच्या भोकातून दोरा ओवायचा, एक टोक मातीत, दुसरं खालच्या पाण्यात. झाड लागेल तेवढं पाणी स्वतः ओढून घेतं. खालचं भांडं म्हणून त्यांच्याकडे श्रीखंडाचे डबे आहेत, झाकणाला भोक पाडून. वात मात्र देवापुढच्या कापसाची चालत नाही, ती महिन्याभरात सडते. ॲक्रिलिकच्या लोकरीचा किंवा नायलॉनचा दोरा घ्यायचा. आणि वातीवर झाड ठेवायचं तर माती हलकीच पाहिजे, नाहीतर ती चोवीस तास चिंब राहते.

मातीवरून एचएसआरमध्ये जरा नाजूक विषय निघतो. ही वसाहत ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टसाठी शहरभर नावाजलेली आहे. स्वच्छाग्रह कलिका केंद्र नावाची, घरच्या घरी कंपोस्ट करायला शिकवणारी जागा इथेच आहे. इथल्या गृहिणी आपल्या खतावर रास्त अभिमानाने बोलतात. त्या खतावर टोमॅटो येतो, कढीपत्ता येतो, जास्वंदही मजेत असते. पण व्हायोलेटच्या कुंडीत ते ओंजळभर टाकलं की माती जड होते, चिलटं होतात आणि नत्र जास्त झाल्याने पानं ढालीएवढी होऊन फूल लांबणीवर पडतं. नर्सरीची तांबडी माती आणि शेणखत यांचं मिश्रणही याच कारणाने नको. कोकोपीट, पर्लाइट आणि व्हर्मिक्युलाइट समसमान घ्यावं, वातीवर ठेवायचं असेल तर पर्लाइट अजून वाढवावं. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मूळचे क्षार असतात, ते दोन-तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय वापरू नये. अशा मातीत स्वतःचं पोषण काहीच नसतं, म्हणून खत पाण्यातून, पण अगदी पातळ: लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास, दर पाण्याबरोबर. दुकानात १९:१९:१९ हेच सर्रास मिळतं. त्यातलं बरंच नत्र युरियाच्या रूपात असतं आणि माती नसलेल्या मिश्रणात ते झाडाला धड मिळत नाही, म्हणून जाणते लोक युरिया नसलेलं खत शोधतात.

पाण्याची कथा या भागात वेगळीच. नळाला कावेरी येते, शंभरेक किलोमीटरवरून चढवत आणलेली, पण ती पुरत नाही. बाकी बोअरवेल आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूचे बोअर आटले तेव्हा माणसांच्या आंघोळीचे वांधे होते, तिथे झाडांना कोण विचारतो. बोअरचं पाणी जड असतं. बादलीला जो पांढरा थर बसतो तोच कुंडीच्या काठावर बसतो, पानाचा देठ तिथे टेकला की काळा पडून गळतो. मधल्या कोवळ्या पानांवर तांबूस खडे दिसायला लागले की क्षार झाडाच्या माथ्यापर्यंत चढले असं समजावं. यावर कुणी तरी काटकसरीचा उपाय म्हणून आरओचं बाहेर पडणारं पाणी झाडांना घालतं. फरशी पुसायला ते ठीक आहे, पण जे क्षार गाळून काढायचे तेच त्यात एकवटलेले असतात. व्हायोलेटला प्यायचं गाळलेलं पाणी द्यावं. एका कुंडीला आठवड्याला कपभर लागतं, त्यात कसली आलीये उधळपट्टी. त्याहून छान म्हणजे पावसाचं. २००९ पासून बेंगळुरूत मोठ्या साइटवरच्या घरांना पाऊस साठवण्याची सक्ती आहे, त्या टाकीतून एक बाटली मागून आणायला हरकत नसावी. पाणी कसलंही असो, फ्रिजमधलं किंवा पहाटेचं गारढोण नको. गार पाण्याचा थेंब पानावर पडला की तिथे कायमचा पांढरट वळसा उमटतो.

आणि कुंडी. मायेचा सगळ्यांत महागडा आविष्कार म्हणजे मोठी कुंडी. पानांचा घेर वाढला की आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला जागा होत नाहीये. व्हायोलेटची कुंडी त्याच्या घेराच्या एकतृतीयांश असावी, म्हणजे नऊ इंचांच्या झाडाला तीन इंची. हे ऐकून बायका माझ्याकडे संशयाने बघतात. पण मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते, मुळं तिच्यामागे धावतात आणि फुलं थांबतात. वर्षातून एक-दोनदा माती बदलायची, कुंडी तीच.

फूल नेमकं कुठे येतं हे एकदा निरखून पाहिलं की बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत. कळीचा देठ पानाच्या कुशीतून निघतो, आणि ती कूस एकदा फुलून झाली की सहसा पुन्हा फुलत नाही. म्हणजे नवी फुलं हवी तर नवी पानं निघत राहिली पाहिजेत, आणि ती एकाच माथ्यातून. बाजूने जी पिल्लं फुटतात त्यांना आपण 'भरगच्च झालं हो' म्हणून राहू देतो. पिल्लं राहिली की झाडाचे तीन-चार माथे होतात, प्रत्येक माथा आपापली पानं काढत बसतो आणि फुलं कुणालाच धड येत नाहीत. पेन्सिलीच्या टोकाने पिल्लू लहान असतानाच उचकटून काढावं. खालची जुनी, पिवळी पानंही खुडावीत. हे करताना जीव थोडा दुखतो. दुखू द्यावा.

कळ्या धरल्या आणि उमलण्याआधीच गळल्या, अशीही एक तक्रार असते, आणि ती मराठी घरांत नेमकी मे महिन्यात येते. एकतर उकाडा असतोच. पण दुसरं कारण पलंगाखाली असतं. रत्नागिरी नाहीतर देवगडहून आलेली हापूसची पेटी. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो, केळंही सोडतं, आणि आफ्रिकन व्हायोलेटची फुलं या वायूला फार हळवी. बंद खोलीत आढी घातली की चार दिवसांत पाकळ्या खाली. आंबे हलवायचे की झाड, हे ज्याने त्याने ठरवावं. काकूंच्या घरी झाडंच हलतात.

कीड म्हणाल तर मुख्य त्रास पिठ्या ढेकणाचा, कधी मधली पानं आखडवणाऱ्या सूक्ष्म कोळ्याचा. नवं झाड आणलं की महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवलं तर निम्मी कटकट टळते.

नवं झाड विकत घ्यावंच असंही नाही. एचएसआरमधला व्हायोलेटचा खरा व्यवहार पानांचा आहे. ओल्या टिशूत गुंडाळलेलं एक पान या घरातून त्या घरात जातं, बदल्यात दुसऱ्या रंगाचं येतं, कधी चकलीचं पीठही. काकूंच्या रॅकवरची निम्मी झाडं अशी आलेली आहेत. एक पान इचलकरंजीच्या बहिणीने एसटीने मुंबईला धाडलं आणि तिथून भाच्याने विमानाने आणलं. चक्राकार पट्ट्यांची जी वाणं असतात ती मात्र पानापासून तशीच उतरत नाहीत, पट्टे हरवतात, त्यांच्यासाठी पिल्लूच लागतं. बाकी कुठल्याही झाडाचं मधल्या घेरातलं, ना फार कोवळं ना जून, असं पान घ्यावं. देठ इंचभर ठेवून धारदार ब्लेडने तिरका कापावा, धुतलेलं कोकोपीट आणि पर्लाइट यांत खोचावा आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घालावी. कोथिंबिरीच्या जुडीची पातळ पिशवी चालते. तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात, दोन-तीन महिन्यांत बुडाशी उंदराच्या कानाएवढी पिल्लं दिसायला लागतात. ती वेगळी करून अडीच इंची कुंडीत लावली की पुढे सहा-सात महिन्यांनी पहिली कळी.

दिवाळीच्या सुमारास बेंगळुरूत पाऊस ओसरायला लागलेला असतो आणि पान लावायला हवा अगदी योग्य असते. भाऊबीजेला कुणाकडून पान मिळालं आणि लगेच खोचलं, तर हिशेबाने पहिली फुलं पुढच्या गणपतीच्या आगेमागे येतात. तेव्हा आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे ट्यूबची सोय जूनच्या आधी करून ठेवावी.